रिकामी जीप खोटं बोलते

यवतमाळ जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की आमच्या सांगलीत लोक दोनच प्रश्न विचारतात. ऊन फार होतं का, आणि तिकडं कापसाचं काय चाललंय? त्या वर्षांत पेपर उघडला की कापूस, टीव्ही लावला की कापूस. तिकडं जाणारा माणूस एकतर पत्रकार असणार, नाहीतर पुढारी, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. मी दोन्ही नाही. कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते, नुकतीच रिटायर झाले होते, आणि धाकट्या बहिणीकडं दारव्ह्याला आठ दिवस राहायला गेले होते. प्रेक्षणीय स्थळं वगैरे या लिखाणात शोधू नका. यात एक जुनी जीप आहे आणि माझा शहाणपणा आहे. वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

दारव्हा, गुरुवार

सुमन, माझी बहीण, लग्न होऊन सव्वीस वर्षांपूर्वी इकडं आली. जाताना शुद्ध सांगलीची होती. आता दारात उभी राहून म्हणते, “काहून वं ताई, येवढीशीच बॅग? चार दिवसांत पयून नको जाऊ.” मी म्हटलं, बाई, आधी तुझी भाषा मराठीत सांग, मग बॅग खाली ठेवते. तिनं हसत पाण्याचा तांब्या हातात दिला आणि समोर उकडपेंडीची ताटली ठेवली. कणीक भाजून, फोडणीत शिजवून केलेला हा प्रकार. आमच्याकडं कणकेची पोळी होते, फार तर शिरा. तिचा तिखटमिठाचा उपमा करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोनदा मागून घेतला.

सुमनचे यजमान अरविंदराव. घराणंच कारकुनांचं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, हे स्वतः भूमी अभिलेखमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. माणूस सरळ, पण कागदावर आलं तेच खरं मानणारा. त्यांनी चौदा वर्षांपूर्वी एक डिझेल जीप घेऊन दारव्हा-आर्णी रस्त्यावर सवारीला लावली होती. आमच्याकडं असल्या जीपला वडाप म्हणतात, तिकडं काळीपिवळी. नाव वेगळं, कोंबणं तेच. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून चार, बाकीचे मागं.

ही जीप पहिल्या दिवसापासून एकच माणूस चालवायचा. रामधन. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा, पन्नाशीचा, बोलायला कमी. चौदा वर्षांत त्यानं कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती. आणि मागच्या दिवाळीत दिवेलागणीच्या वेळी, अकरा माणसं गाडीत असताना, आर्णीच्या अलीकडच्या वळणावर त्यानं जीप रस्त्याकडेच्या खड्ड्यात घातली. कुणी दगावलं नाही, हे नशीब. एका बाईचा हात मोडला, एका म्हाताऱ्याचा खांदा निखळला. रामधन म्हणाला, वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. पण लोक धावत आले तेव्हा खड्ड्यात तिरकी झालेल्या जीपचे दोन्ही दिवे लख्ख जळत होते. शंभर माणसांनी पाहिलं. पुढच्या सीटवरच्या तिघांना विचारलं, तर एक उंच शिक्षक डुलकीत होते, एक बाई बाळाला पाजत होती, तिसरा म्हणाला, मी बाजूच्या शेतात बघत होतो. झालं! रामधन प्यायलेला होता, असं स्टँडवर ठरलं. आयुष्यात त्यानं दारूला हात लावलेला नव्हता. पण ठरलं.

आता माझं ऐका. त्या वेळी सुमननं मला सांगलीला फोन केला होता. ताई, तुला वायरींतलं कळतं, असं होऊ शकतं का? मी चहा पीत होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, “दिवा आपोआप जाईल, पण आपोआप परत येणार नाही. एकतीस वर्षं तारांत काढलीत मी. तुमचा ड्रायव्हर थापा मारतोय.” हे वाक्य अरविंदरावांनी उचललं आणि स्टँडवर, कचेरीत, जीपवाल्यांच्या युनियनच्या पुढ्यात, सगळीकडं सांगितलं. आमच्या मेव्हणीबाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहेत, त्याच म्हणतात. रामधनला कामावरून काढलं. त्यानंतर कुणीच त्याच्या हातात गाडी दिली नाही.

हे सगळं सुमननं मला पहिल्याच दुपारी, भांडी घासता घासता, सुनावलं. “तो खोटं नाही बोलत वं ताई. चौदा वर्सं पाहून राह्यली मी त्याले. तूच म्हनली होती ना थापा म्हणून? आता तूच पाहून दे.” आणि वर हेही सांगितलं, की जीप विकायला काढली आहे, ढाणकी गावचं गिऱ्हाईक रविवारी येऊन नेणार आहे. एकदा गाडी गेली की रामधनच्या कपाळावरचा शिक्का जन्मभर राहिला. मला राग आला. खरं सांगते, माझ्या ज्ञानावर कुणी बोट ठेवलं की मला पहिल्यांदा रागच येतो. म्हटलं, बघते. आणि तुझ्या समोर सिद्ध करून दाखवते, की मी म्हणाले तेच बरोबर.

दारव्हा, शुक्रवार

अंगणात जीप उभी होती. मी पदर खोचला. टेस्ट लॅम्प मी स्वतः बनवला, म्हणजे एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. एक टोक गाडीच्या पत्र्याला, दुसरं जिथं तपासायचं तिथं. वीज पोचत असेल तर बल्ब लागतो, इतकं सोपं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साचलेली, ती गरम पाण्यानं धुतली. पत्र्याला जोडलेली अर्थची पट्टी खोलून घासली. फ्यूज, दिव्यांचं बटण, बल्बचे होल्डर, एकेक बघितलं. बॉनेटखालच्या वायरी धरधरून हलवल्या. दिवे तीन तास चालू ठेवले. ढिम्म. पापणीसुद्धा मिचकावली नाही त्यांनी.

शेजारपाजारच्या बायका कुंपणाशी जमल्या. एकीनं विचारलं, “पेपरवाल्या हाय का तुमी?” म्हटलं, नाही, मी वायरवाली. त्यांना याचं पेपरवालीपेक्षा जास्त नवल वाटलं.

काम झाल्यावर जीप पुसून काढली. डॅशबोर्डवर, बरोबर मध्यावर, घोड्याची नाल आहे. तीही पुसली. ती मीच दीड वर्षांपूर्वी आमच्याकडच्या जत्रेतून आणून लावलेली. आमच्याकडं नवी असो जुनी असो, गाडीला नाल ठोकल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. इकडं तसं नाही. इकडं बिब्बा, लिंबू आणि मिरच्या दोऱ्यात ओवून पुढं बांधतात आणि दर शनिवारी बदलतात. मी मागच्या खेपेला म्हटलं होतं, दर आठवड्याला बदलायचं ते कसलं संरक्षण? आमची नाल एकदा बसली की बसली.

संध्याकाळी अरविंदराव जवळ आले. हात मागं बांधून, फाइल तपासावी तशी जीप बघितली. “काही सापडलं?”

“काही नाही.”

“मी म्हणत होतोच, ताई,” ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं, माझंच म्हणणं खरं ठरत होतं. पण ओसरीवर सुमन तांदूळ निवडत बसली होती आणि तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी म्हटलं, उद्या गाडी रस्त्यावर घेऊ. जिथं झालं तिथंच जाऊन बघू.

आर्णीचा रस्ता, शनिवार

सकाळी निघालो. अरविंदराव चालवत होते, मी शेजारी, दिवे दिवसाढवळ्या चालू. समोरून येणारा प्रत्येक जण हात हलवून सांगायचा, दिवे चालू आहेत. माणसं चांगली आहेत हो तिकडची. शेतांत पऱ्हाटी उभी होती, म्हणजे कापसाची झाडं, वेचा होऊन गेलेली, काळपट. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना बैलगाड्यांतला कापूस ओरबाडून लागलेला. आमच्या उसाच्या मुलखातल्या बाईला वाटलं, इथं बाभळीलाच कापूस पिकतो. एका जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी गाड्यांची रांग लागलेली होती आणि माणसं गाड्यांखाली सावलीत पडून होती. अरविंदराव म्हणाले, परवापासून थांबलेत, भाव वाढेल म्हणून. 

वाटेत एका टपरीवर पोहे मागवले. टपरीवाल्यानं माझ्या ताटलीतल्या पोह्यांवर पळीभर लाल रस्सा ओतला! मी ओरडलेच, अहो, हे काय करताय? आमच्याकडं पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घालतात. “तर्री हाय ना जी, खाऊन तं पाहा,” तो म्हणाला. खाल्लं. डोळ्यांतून, नाकातून, कानांतून पाणी आलं. पण चव! ती अजून जिभेवर आहे.

वळण आलं. खड्डा मी उतरून बघितला, काठावर काचेचा चुरा अजून होता. वळणावरून आम्ही गाडी चार वेळा नेली आणली. खडखड झाली, दणके बसले, दिवे जसेच्या तसे. अरविंदरावांनी माझ्याकडं बघितलं. म्हटलं, चला, आर्णीपर्यंत आलोच आहोत तर तिथल्या एखाद्या जाणत्याला दाखवू. मनात म्हणत होते, तोही माझ्यासारखंच सांगेल आणि सुमनचं तोंड बंद होईल.

आर्णी

जाणता म्हणजे रऊफभाई. स्टँडमागं त्यांचं बॅटरी आणि वायरिंगचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याखाली एक बाकडं. साठीचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, चष्म्याची एक काडी वायरीनं बांधलेली. मी त्यांना माझी सगळी तपासणी सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिस्तीत. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. मग विचारलं, “मॅडम, उस दिन गाडीत सवारी किती होती?”

“अकरा,” अरविंदराव म्हणाले.

“आणि आज?”

“आम्ही दोघं.”

“मग कसं सापडन?” रऊफभाई म्हणाले. “रिकामी गाडी खोटं बोलते, साहेब. भरल्याशिवाय ती खरं नाही सांगत.”

मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. मुलांना ओरडून ओरडून सांगितलं, ज्या परिस्थितीत घडलं तीच परिस्थिती परत उभी करा, नाहीतर तो प्रयोग नव्हे. आणि दोन दिवस मी रिकामी जीप तपासत बसले होते! मी तिथल्या तिथं गप्प झाले. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

रऊफभाईंनी बाकड्यावरूनच हाक मारली, “चला रे भाऊ, बसा गाडीत! भाडं नाही लागत!” बघता बघता माणसं आली. पानठेलेवाला आला, समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून आला, आणि ते गिऱ्हाईकही साबणासकट येऊन बसलं. बाजाराला आलेली दोन-तीन माणसं पिशव्या घेऊन चढली. आमच्याकडं असं कुणाला बोलावलं तर आधी विचारतील, कशाला, किती वेळ, माझा काय संबंध? इथं बसल्यावर विचारत होते, “काय करून राह्यलो गा आपण?”

मी जीपच्या समोर उभी राहिले, दिव्यांवर नजर लावून. रऊफभाई स्टिअरिंगवर बसले. इंजिन चालू, दिवे चालू. गाडी हलवली, ब्रेक मारले, गिअर टाकले. काही नाही. मी हुश्श केलं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

रऊफभाईंनी खिडकीतून डोकं काढलं. “गिअरच्या दांड्यापाशी कोण बसला होता?”

“ते शिक्षक,” अरविंदराव म्हणाले. “डुलकीत होते ते. चांगले सहा फूट उंच.”

रऊफभाईंनी गर्दीत नजर फिरवली आणि एका उंचाड्या बांगडीवाल्याला बोट केलं. पानठेलेवाला उठला, बांगडीवाला बसला. बिचाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागले. “आता झोप आली असं समजून सैल बस,” रऊफभाई म्हणाले. तो सैल बसला, तसे गुडघे पुढं जाऊन डॅशबोर्डच्या खाली टेकले. रऊफभाईंनी गिअर टाकला.

दोन्ही दिवे गेले.

इंजिन चालूच होतं, धडधडत. डिझेलच्या जुन्या गाडीला पळायला वीज लागत नाही, ती आंधळ्यासारखी पळतच राहते.  बांगडीवाला घाबरून म्हणाला, “म्या काही नाही केलं जी!” आणि उतरायला म्हणून त्यानं गुडघे बाजूला घेतले. दोन्ही दिवे परत लागले. आपोआप!

 मी जीपचं बॉनेट धरलं. ते तापलेलं होतं, हात भाजला, तरी सोडवेना. दिवा आपोआप जाईल, पण आपोआप परत येणार नाही. तो कसा येतो, ते भर दुपारी, भर बाजारात, डोळ्यांसमोर दिसत होतं.

गाडी रिकामी केली. रऊफभाई पाठीवर आडवे होऊन डॅशबोर्डच्या खाली शिरले. फक्त पाय बाहेर. आतून म्हणाले, “हात्तिच्या!” बोट बाहेर काढलं तर रक्त. “आत काहीतरी टोचते.” मग वायरींच्या जुडग्यावरची काळी पट्टी सोडवत सोडवत त्यांनी एक जाडी वायर खाली ओढून दाखवली. आत तांब्याच्या तारा असतात, केसासारख्या, वीसेक. त्यातल्या जवळजवळ सगळ्या कापल्या गेलेल्या. दोन उरलेल्या. गुडघ्यानं जुडगा दाबला गेला की त्या दोन बाजूला व्हायच्या आणि दिवे जायचे, गुडघा हलला की परत चिकटायच्या.

“धागा धागा कापत गेला,” रऊफभाई म्हणाले. “कित्येक महिने. हे पाहा, इथून स्क्रूचं टोक आलं. कोनं ठोकला हा?”

त्यांनी वरून स्क्रूड्रायव्हर लावला आणि फिरवायला सुरुवात केली. कुठं लावला ते मी बघितलं. नालेच्या मधल्या भोकात. स्क्रू बाहेर आला. पितळी, दोन इंची. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातला. मी ओळखला. माझ्या पर्समध्ये घालून मी तो सांगलीहून आणला होता, इकडं चांगले स्क्रू मिळत नसतील म्हणून! अंगणात उभी राहून, हाताच्या ड्रिलनं फायबरच्या डॅशबोर्डला भोक पाडून, मीच तो पिळला होता. आणि मागं काय आहे ते वाकून बघितलं नव्हतं. पोरांना मी यासाठी वर्गाबाहेर काढलं आहे.

अजून एक आठवलं. इतक्या दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. त्या दिवशी रामधन शेजारी उभा होता. म्हणाला होता, “बाई, बांधा ना. आमच्या इकडं बांधतेत. ठोकू नका, गाडीले भोक नका पाडू.” मी हसले होते. म्हटलं होतं, रामधन, तू गाडी चालव, हे मला कळतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरानंच फाशी सुनावली होती. मी बाकड्यावर बसले. कुणीतरी चहा दिला, तो तसाच निवला.

अरविंदराव स्क्रूकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, “पावसाळ्यात तो म्हणाला होता मला. साहेब, लाइट मिचकतात. मी म्हटलं, बल्ब बदल.” थोड्या वेळानं आणखी हळू आवाजात म्हणाले, “ताई, वायर तर आता नवीन टाकतीलच हे. उद्या गाडी जाते. घरी जाऊन शांतपणे बोलू. सगळ्यांना सांगायलाच पाहिजे असं...”

“अरविंदराव,” मी म्हटलं, “स्टँडवर सांगताना घरी जाऊन शांतपणे सांगितलं होतं का? आधी तांड्यावर चला. मग युनियनमध्ये. ढाणकीवाला राहू दे बसलेला.” माझा आवाज इतका चढला की न्हावी परत दुकानातून बाहेर आला. अरविंदरावांनी मान खाली घातली. माणूस वाईट नाही. रऊफभाईंना त्यांनी स्वतःहून सांगितलं, काय सापडलं ते एका कागदावर लिहून द्या, सहीनिशी. रऊफभाई म्हणाले, “लिहून देतो. पण साहेब, आधी तोंडानं सांगा त्याले. मी ओळखतो त्याले, कागद तो वाचत नाही.”

तांडा

दुपार कलता कलता पोचलो. रामधन अंगणात काठीनं तुरीच्या शेंगा बडवत होता. जीपचा आवाज ऐकून थांबला. तो आवाज त्याला चौदा वर्षांचा ओळखीचा. पण जवळ आला नाही. वाळला होता. त्याची बायको दारात आली. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. मग आत जाऊन पाणी मात्र आणलं.

मी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, कसं सुरू करायचं, कशी माफी मागायची. उभ्या उभ्या सगळं एकदम ओतलं. गुडघा, वायर, दोन तारा, नाल, स्क्रू. स्क्रू हातावर धरून दाखवला. त्याला मी कायम अरेतुरे करत आले. त्या दिवशी तोंडातून तुम्ही निघालं. “चूक माझी. भोक मी पाडलं. तुम्ही नको म्हणाला होता. आणि वरून मीच तुम्हाला खोटं पाडलं. जे बोलायचं ते बोला मला.”

अरविंदराव म्हणाले, “रामधन, मी युनियनमध्ये स्वतः येऊन सांगतो. आजच.”

रामधन दोघांपैकी कुणाकडंच बघत नव्हता. स्क्रूकडंही नाही. काठी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. “बाई,” तो म्हणाला, “एक इचारू?”

“विचारा.”

“लाइट खरंच गेलते?”

मला कळेना, हा काय विचारतोय. म्हटलं, “हो, तेच तर सांगतेय. माझ्या डोळ्यांदेखत गेले आणि परत आले.”

“नक्की ना?”

“नक्की.”

तो मटकन खाली बसला, तुरीच्या भुशातच. “मले वाटलं,” तो म्हणाला, “माहे डोये गेलते.”

 तो सांगत राहिला, जमिनीकडं बघत. वळणावर एकदम काळोख झाला. खड्ड्यात पडल्यावर वर पाहिलं, तर दोन्ही दिवे जळत होते. “जर का लाइट जळूनच राह्यले होते, तं मंग काय गेलं? डोयेच ना?” लोक म्हणाले दारू प्याला, त्यानं म्हणू दिलं. डोळे गेले म्हटलं असतं तर जन्मात कुणी त्याला स्टिअरिंगला शिवू दिलं नसतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज पहाटे उठून एकेक डोळा झाकून समोरचं कडुलिंबाचं झाड दिसतं का ते बघायचा. गुपचूप यवतमाळला जाऊन डोळे तपासून आला. डॉक्टर म्हणाले, चांगले आहेत. त्याला पटलं नाही, कारण त्या दिवशीही ते आदल्या क्षणापर्यंत चांगलेच होते. तेव्हापासून त्यानं सायकल सोडली. दोन वर्षांच्या नातीला उचलून घेणं सोडलं. एकदम अंधार झाला आणि पोर हातातून सुटली तर?

मी आयुष्यात कुणापुढं रडले नव्हते, तिथं रडले, हमसून हमसून. हे तर माझ्या हिशेबात नव्हतंच कुठं. मी धरून चालले होते की नोकरी गेली, नाव गेलं, एवढंच. माझ्या एका वाक्यानं या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला होता, आणि मी सांगलीत निवांत चहा पीत होते.

त्याची बायको पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून उभी होती. ती त्यांच्या बोलीत त्याला काहीतरी म्हणाली, फार चिडून. मला शब्द कळले नाहीत, पण तीन महिने हे एकट्यानं काहून लपवलं, एवढंच असणार ते. त्यानं माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदाच. “तिले सांगा, बाई.”

मी डोळे पुसले आणि तिच्याकडं वळून, शक्य तितकं स्पष्ट सांगितलं. “स्क्रू मी ठोकला. यांचे डोळे गेले नव्हते, दिवे गेले होते. दोष सगळा माझा आहे.”

रामधननं मान हलवली. “नाही,” तो म्हणाला, “ते मधलंच तेवढं परत एकडाव सांगा.”